एकेचाळीस बंद तक्रारी

माझे वडील खोटं बोलताहेत, असं मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते शेजारच्याच खाटेवर होते आणि चांगले जागे होते.

शब्द मी जरा सभ्य वापरले होते. “त्यांना आठवत नाही, आणि आठवत नाही हे ते कबूल करत नाहीत,” असं मी म्हणाले. पण अर्थ तोच होता आणि तो बाबांना कळला. डाव्या हातानं त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. उजवा हात त्या दिवशी हलतच नव्हता.

रक्त पातळ ठेवणारी एक गोळी त्यांना रोज सकाळी सात वाजता घ्यायची असते. ती चुकत राहिली तर रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते, हे त्यांना दोन वर्षांपूर्वीच समजावून झालं होतं. तरी ती चुकली, तीन महिन्यांत एकोणीस वेळा. हा आकडा डॉक्टरांना मीच दिला. बाबांच्या फोनमधलं, गोळ्यांचा गजर देणारं ‘वेळेवर’ नावाचं ॲप उघडून मी त्यांच्यासमोर धरलं. एकोणीस लाल ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याखाली लिहिलेलं होतं, ‘घेतली नाही’.

“वाजलं नाही,” बाबा म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

“बाबा, ॲप खोटं बोलत नाही,” मी म्हटलं.

हे मी इतक्या ठसक्यात म्हणू शकले, कारण ते ॲप माझंच आहे. माझ्या मालकीचं नव्हे, ते कुणाच्याच मालकीचं नाही. ओपन सोर्स म्हणतात त्यातलं आहे; आतला कोड सगळ्या जगासमोर उघडा असतो, कुणीही वाचावा, चुका दाखवाव्यात, जमलं तर दुरुस्त करून द्यावा. पण सुरुवात मी केली. नऊ वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबांना गोळ्यांची आठवण करून देणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी बसून ते लिहिलं. आज ते लाखभर लोक वापरतात. मी दुसरीकडे नोकरी करते आणि उरलेला सगळा वेळ या प्रोजेक्टला घालते. तिथं मला सगळे फिरकी म्हणून ओळखतात. ते नाव बाबांनी ठेवलेलं, लहानपणी मी एका जागी दोन मिनिटं बसत नसे म्हणून.

मी ठिपके दाखवल्यावर बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, पकडले गेले.

पुढचं दादानं ठरवलं. दादा शाळेत खेळाचा शिक्षक आहे आणि घरातही शिट्टी वाजवल्यासारखा निर्णय देतो. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवासगृह आहे, तिथं खोली मिळत होती. स्वच्छ जागा, मागं बाग, चोवीस तास माणसं. तिथल्या खोल्यांना आतून कडी नसते. मी त्याला म्हटलं, घाई होतेय का? तो म्हणाला, “एकोणीस वेळा विसरलेत ते. विसाव्या वेळेची वाट बघायची का?” तो आकडा माझाच होता. बाबांनी कागदावर डाव्या हातानं सही केली. चाळीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक असलेला, नियमावर नियम दाखवून साहेबांशी भांडणारा हा माणूस एका शब्दानंही भांडला नाही. रविवारी सकाळी दहाला गाडी येणार होती. हॉस्पिटलातून घरी आणलेल्या बाबांजवळ तोवर दादा राहत होता आणि मी माझ्या घरी परत आले होते.

बाबा हॉस्पिटलात होते त्याच आठवड्यात प्रोजेक्टमध्ये माझं एका बाईंशी वाजलं होतं.

आमच्याकडे आठवड्याला वीस-पंचवीस तक्रारी येतात. ॲपमधूनच ‘अडचण कळवा’ असं बटण दाबून लोक लिहितात आणि ती तक्रार क्रमांक पडून आमच्या यादीत येते. त्यातल्या निम्म्या आधी कुणीतरी कळवलेल्याच असतात. अशा तक्रारीवर आम्ही ‘डुप्लिकेट’ असं लेबल लावतो, जुन्या तक्रारीचा क्रमांक टाकतो आणि नवी बंद करतो. हे सगळं करायला मी आणि दाढी, असे दोघंच. दाढी म्हणजे माझा सहकारी. तो दुसऱ्या शहरात राहतो, आम्ही प्रत्यक्ष फक्त दोनदा भेटलोय आणि दोन्ही वेळा मला दाढीच आधी दिसली. आमच्या मदतीला एक छोटा प्रोग्रॅम आहे, त्याला आम्ही शिपाई म्हणतो. तक्रार बंद होऊन महिना झाला की शिपाई तिला कुलूप लावतो, मग तिच्यावर कुणालाच काही लिहिता येत नाही. हा नियम माझा. का, तर तीन वर्षांपूर्वी मिटलेल्या तक्रारीवर येऊन लोक ‘मलाही, मलाही’ लिहून जायचे आणि माझं डोकं उठायचं.

नव्यानं काम करायला येणाऱ्यांचंही तसंच. एकेकाळी मी प्रत्येकाला हाताला धरून शिकवत असे. हा कोड असा वाच, ही चूक अशी शोध, पहिलं काम छोटं घे. पुढे पुढे लोक यायचे, चार दिवस उत्साहानं सगळं उलथंपालथं करायचे आणि पाचव्या दिवशी गायब. मग मी उत्तरं लिहून साठवून ठेवली. एकूण अकरा उत्तरं. प्रश्न आला की क्रमांक निवडायचा, बटण दाबायचं, मोकळं. माणसाला माणसानं उत्तर दिलंय असं वाटावं म्हणून खाली ‘फिरकी’ अशी सही आपोआप पडायची.

या बाई एका कॉलेजच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं पुस्तकांची सूची करतात. त्रेपन्नाव्या वर्षी त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि महिन्यापूर्वी आमच्याकडे आल्या. आल्या आल्या त्यांनी, नुकत्याच बंद झालेल्या आणि अजून कुलूप न लागलेल्या एका तक्रारीवर लिहिलं, ‘ही का बंद केली ते कळलं नाही.’ मी त्यांना चौथं उत्तर पाठवलं: बंद तक्रारींवर लिहू नये. दोन दिवसांनी दुसऱ्या एका बंद तक्रारीवर त्यांनी लिहिलं, ‘मॅडम, नियम वाचला. तरी प्रश्न आहे.’

माझं टाळकं सरकलं. बाबा हॉस्पिटलात, ऑफिसचं काम तुंबलेलं, आणि इथं ही बाई गाडलेले मुडदे उकरतेय. बंद तक्रारींची एवढीच हौस असेल तर घ्या म्हटलं. आमच्याकडे सव्वीसशे बंद तक्रारी आहेत. प्रत्येक उघडून बघा, लेबल बरोबर आहे का, बंद करण्याचं कारण लिहिलंय का, आणि यादी करा. हे काम मी त्यांना शिकवण्यासाठी दिलं नव्हतं. आठवड्यात कंटाळून पळून जातील, या हिशेबानं दिलं होतं.

बाई पळाल्या नाहीत. गाडी यायच्या रविवाराआधीच्या गुरुवारी सकाळी साडेनऊला, मी नाश्त्याची ताटली बाजूला सारून लॅपटॉप उघडत होते, तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. प्रोजेक्टमध्ये असा अचानक कॉल कुणी करत नाही. मी तोंड वाकडं करूनच घेतला. मागं पुस्तकांच्या मांडण्या, समोर ग्रंथपाल बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला.

“मॅडम, रागावू नका, लिहून कळवलं असतं, पण त्या तक्रारींना कुलूप आहे,” त्या म्हणाल्या. “मला एक चक्र सापडलंय.”

“कसलं चक्र?”

“आमच्या सूचीत होतं कधीकधी. वाचक एक विषय शोधतो, तिथं लिहिलेलं असतं, अमुक पाहा. तो अमुककडे जातो, तिथं लिहिलेलं असतं, पहिला विषय पाहा. पुस्तक कुठेच नसतं. नवीन मुलींना मी सगळ्यात आधी हेच शोधायला शिकवते.”

मला हसू आलं. म्हटलं, “आमच्याकडे असं होणार नाही. जुनी तक्रार असते, तिच्याकडेच नवी जाते.”

“तीनशे बारा उघडा.”

मी उघडली. बंद, कुलूप लावलेली. कारण: तीनशे चाळीसची डुप्लिकेट.

“आता तीनशे चाळीस.”

मी उघडली. बंद, कुलूप लावलेली. कारण: तीनशे बाराची डुप्लिकेट.

मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि तारखा पाहिल्या. दोन वर्षांपूर्वीचा एकच दिवस. दहा वाजून सहा मिनिटांनी मी तीनशे बारा बंद केली होती, कारण तीनशे चाळीसमध्ये जास्त तपशील होते. दहा वाजून दहा मिनिटांनी दाढीनं तीनशे चाळीस बंद केली होती, कारण तीनशे बारा जुनी होती. दोघांनी आपापलं अंगण झाडून केर एकमेकांच्या दारात लोटला होता आणि हात झटकून आत गेलो होतो.

“दुरुस्ती?” मी विचारलं.

“तेच शोधत होते तीन दिवस. दुरुस्ती झालेलीच नाही. त्यानंतर याच चुकीच्या आणखी तक्रारी येत राहिल्या. कुणी तीनशे बाराकडे पाठवल्या, कुणी तीनशे चाळीसकडे. ती एक झालेली, म्हणून हीसुद्धा झालेली. मी मोजल्या. एकेचाळीस आहेत.”

“चूक काय आहे?”

त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि वाचून दाखवलं. फोन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला, आणि त्यानंतर कुलपाचा आकडा टाकून तो उघडला नाही, तर ॲप आत जागंच होत नाही. गजराची वेळ निघून जाते, आवाज होत नाही. मग केव्हातरी माणूस फोन उघडतो, ॲप जागं होतं, वेळ टळलेली बघतं आणि त्या दिवसापुढे लाल ठिपका मारतं. घेतली नाही.

बाबा रोज रात्री फोन बंद करतात. यंत्राला विश्रांती लागते, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावरून आम्ही भावंडं त्यांची टर उडवत आलोय. सकाळी सहाला फोन चालू करायचा, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचा आणि कामाला लागायचं. मधेच उघडून बातम्या पाहिल्या तर पाहिल्या, नाहीतर नाही. सहा महिन्यांपूर्वी दादानं त्यांना नवा फोन दिला आणि सुरक्षित असावं म्हणून त्याला चार आकडी कुलूप लावून दिलं.

मी बाईंना म्हटलं, “सगळी यादी पाठवा. आत्ता.”

एकेचाळीस तक्रारी मी एकेक करून वाचल्या. ‘आईचा फोन रीस्टार्ट झाल्यावर’, ‘आजोबांचं इन्सुलिन’, ‘फिटच्या गोळ्या, कृपया लवकर’. प्रत्येकीखाली आमचं उत्तर, प्रत्येकीला कुलूप. एकविसाव्या तक्रारीला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. पण दुसऱ्या ओळीला पोचायच्या आत मला कळलं.

‘लक्षण: सकाळी सातचा गजर काही दिवस वाजत नाही.
केव्हा: रात्री फोन बंद ठेवून सकाळी सहाला चालू केल्यावर. तारखा ३, ४, ९ आणि १२.
काय तपासलं: आवाज पूर्ण आहे. बॅटरी भरलेली आहे. घड्याळ बरोबर आहे.
काय तपासलं नाही: आतलं मला कळत नाही.
गाडी रस्त्यावर आहे. लवकर बघावं.’

डेपोतली बिघाडाची वही अशी असायची. लहानपणी मी बाबांच्या टेबलाखाली बसून ती वाचत असे. गाडी रस्त्यावर आहे म्हणजे बिघाडासकट गाडी माणसं घेऊन धावतेय, बाकी कामं टाकून आधी हे घ्या. पाच महिन्यांपूर्वीची तारीख होती. बाबांनी मला फोन केला नव्हता, कारण ॲपबद्दल मला फोन करायचा नाही, असं मीच त्यांना बजावलं होतं. तिथं लिहा, बाबा, नियम सगळ्यांना सारखा. त्यांनी लिहिलं होतं.

खाली माझं उत्तर होतं. तक्रार आल्यापासून तीन मिनिटांत. साठवलेलं सातवं.

‘आपण कळवलेली अडचण आधीच नोंदली गेली होती आणि ती आता दुरुस्त झालेली आहे. कृपया ॲपची नवी आवृत्ती घ्या. त्यानंतरही गजर ऐकू आला नाही, तर आपल्याकडून तो बंद केला जाऊन विसरलं जात नाही ना, हे घरातल्या कुणाकडून तरी तपासून घ्यावं. – फिरकी’

हे शेवटचं वाक्य मी एका वैतागलेल्या दुपारी लिहिलं होतं आणि स्वतःवरच खूश झाले होते. किती सभ्यपणे सांगितलं म्हणून.

“मॅडम, काय झालं?” ग्रंथपाल बाई अजून कॉलवर होत्या, हे मी विसरले होते.

“ही एकविसावी माझ्या वडिलांची आहे.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोक्यावर सरकवला. मग म्हणाल्या, “ते कसे आहेत?”

मी त्यांना सगळं सांगितलं. महिनाभर जिला मी क्रमांकानं उत्तरं देत होते त्या बाईला मी हॉस्पिटल, ठिपके, रविवारची गाडी, सगळं सांगितलं आणि ताटलीतल्या गार झालेल्या पावाकडे बघत रडले. त्यांनी रडू दिलं. मग त्यांनी विचारलं, “तीनशे बारा पुन्हा उघडायची ना? मला तो हक्क नाही. तुम्हालाच उघडावी लागेल.”

मी बटण दाबलं. शिपायानं मला अडवलं. कुलूप लावलेली तक्रार उघडता येत नाही. आधी मला माझाच नियम काढावा लागला.

दाढीला फोन केला तर तो आधी हसला. “असं होऊच शकत नाही, फिरकी. काहीतरी बघण्यात चुकतंय तुझ्या.” मी त्याला दोन क्रमांक सांगितले. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. “दहा वाजून दहा मिनिटांनी,” तो शेवटी म्हणाला. “त्या दिवशी मी साठ तक्रारी बंद केल्या होत्या. तुला अभिमानानं कळवलंसुद्धा होतं.” मला आठवत होतं. मी त्याला शाबासकी दिली होती.

“तुझे बाबा सापडले,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “बाकीचे चाळीस कुठं आहेत?”

आम्हाला माहीत नव्हतं. त्या चाळिसांपैकी कुणी नंतर काही लिहिलं नव्हतं. लिहायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

दुरुस्ती छोटी निघाली, पंचवीसेक ओळींची. शुक्रवारी दुपारपर्यंत झाली. मला ती लिहायची होती, पण माझ्या हातांचा मला भरवसा वाटेना, म्हणून मी ग्रंथपाल बाईंना म्हटलं, “तुम्ही लिहा, मी बाजूला बसते.” मी त्यांना कोडमधली जागा दाखवली, का तसं होतं ते सांगितलं, त्यांचे प्रश्न ऐकले. एका प्रश्नालाही साठवलेलं उत्तर दिलं नाही. त्यांनी ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांचे सात फोन गोळा केले, बंद केले, चालू केले, कुलूप न उघडता टेबलावर ओळीनं ठेवले आणि साती वाजले. दाढीनं सगळ्या वापरणाऱ्यांना सूचना पाठवली: आमच्या चुकीमुळे गजर वाजला नसण्याची शक्यता आहे, लाल ठिपक्यांवर विश्वास ठेवू नका, डॉक्टरांशी बोला. अर्ध्या तासात उत्तरं यायला लागली. मी पहिली पाच वाचली आणि सहावी वाचण्याची माझी छाती झाली नाही.

दादाला मी गुरुवारीच सांगितलं होतं.

“म्हणजे ते ठिपके?” तो म्हणाला.

“ठिपके चुकीचे नाहीत. गोळी घेतली नव्हती हे खरं. पण गजर झालाच नव्हता. ते विसरले नव्हते, दादा.”

“मी ओरडलो गं त्यांच्यावर. तुझे ठिपके नाकासमोर नाचवून ओरडलो.” मग त्यानं फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी मी बाबांकडे पोचले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर एक लहान शेगडा बसवलेला असायचा, लोखंड पकडायचा. तो काढून टाकलेला होता आणि लाकडात चार भोकं तेवढी राहिली होती. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर त्यांनी शेजारच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकले होते. दोन बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या. दादा आतल्या खोलीत कपाट आवरत होता. मला बघून त्यानं फक्त मान हलवली. मी सांगेपर्यंत बाबांना काही सांगू नकोस, असं मी त्याला कळवलं होतं.

बाबा खुर्चीवर बसून उजव्या हातानं रबरी चेंडू दाबत होते. बोटं अर्धीच मिटत होती. मी समोर स्टूल ओढलं आणि काहीही न लपवता सांगितलं. तीनशे बारा, तीनशे चाळीस, शिपाई, कुलूप, एकेचाळीस, सगळं.

“मी कितवा?” त्यांनी विचारलं.

“एकविसावे.”

“माझ्याआधी वीस गाड्या तोच बिघाड घेऊन आल्या?” ते माझ्याकडे बघतच राहिले. “आणि वहीत सही कोण करत होतं? झाला म्हणून?”

“मी. नाहीतर माझा सहकारी.”

“मेकॅनिकनं सही करून चालतच नाही गं. ज्या ड्रायव्हरनं लिहिलं त्यानं गाडी एक फेरी मारून आणायची, मग सही त्याची. आपलं काम आपणच पास करायचं, हे कुठं शिकलीस?”

मी म्हटलं, “माझं चुकलं, बाबा. चूक हा शब्दही कमी आहे. तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला डॉक्टरांसमोर, दादासमोर खोटं पाडलं.”

“ते उत्तर तूच लिहिलंयस हे मला माहीत होतं,” ते म्हणाले. “खाली फिरकी होतं.”

हे मला अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, “मग मला फोन का नाही केलात? भांडायचं होतं माझ्याशी. तुम्ही कधी कुणाला सोडलंय?”

“भांडायचं कशावरून? तू लिहिलं होतंस, दुरुस्त झालंय. तू उगाच लिहिणार नाहीस. म्हणजे यंत्र नीट आहे. यंत्र नीट असून गजर ऐकू येत नाही, म्हणजे बिघाड कुठं राहिला?” त्यांनी चेंडू मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताचं बोट कपाळाला लावलं. “इथं.”

“बाबा.”

“मग मी बघायला लागलो. दार लावून निघालो की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचो, लावलंय का बघायला. एकदा, मग दोनदा. लावलेलंच असायचं. मग वाटायचं, मागच्या फेरीत लावलं असेन. गॅसचं तेच. पाच महिने मला रोज वाटतंय की माझं डोकं चाललंय. कुणाला सांगितलं नाही. हॉस्पिटलात वाजलं नाही म्हणालो ते तोंडातून निघून गेलं. तू म्हणालीस ॲप खोटं बोलत नाही. मला ते पटलं.”

मला वाटलं होतं, त्यांनी सही केली ती थकून, किंवा आमच्यावर रुसून. त्यांनी सही केली, कारण स्वतःविरुद्ध त्यांच्याकडे मुलीचा लेखी पुरावा होता. आतल्या खोलीतले आवाज थांबले होते.

“उद्याची गाडी रद्द केलीय दादानं,” मी कशीबशी म्हणाले. “तुम्ही कुठंही जात नाही आहात.”

“घाई नका करू,” ते म्हणाले. “सांगितलंय त्या लोकांना. खोली तयार केली असेल.”

“तुमचं डोकं ठणठणीत आहे, बाबा. थांबा, तुम्हालाच दाखवते.”

मी त्यांच्या फोनवर नवी आवृत्ती टाकली. पाच मिनिटांनंतरचा गजर लावला. फोन पूर्ण बंद केला, चालू केला आणि कुलपाला हात न लावता त्यांच्यासमोर, रिकाम्या कट्ट्यावर ठेवला. दोघंही बघत बसलो. ते एखाद्या परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. चार मिनिटं गेली. पाचवं सरलं आणि फोन वाजला, चांगला मोठ्यानं, कट्ट्याच्या लाकडावर थरथरत.

बाबांनी फोनकडे पाहिलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

“वाजलं ना आत्ता?” त्यांनी हळूच विचारलं. “का मलाच वाटलं?”

“वाजलं, बाबा. अजून वाजतंय.”

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मग आतल्या खोलीकडे वळून त्यांनी दादाला हाक मारली, “अरे, तुला काही ऐकू येतंय का?”